भाजी काय होती?

आमचे जाधव सर समुपदेशक आहेत, पण समोर बसलेल्या माणसाला "तुम्हाला कसं वाटतंय?" असं त्यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही. ते विचारतात, "काल भाजी काय होती?"

मी भिवंडीच्या आमच्या समुपदेशन केंद्रात नावं लिहून घ्यायला बसते. पहिल्या दिवशी मला वाटलं, झालं, खाणावळीचा माणूस चुकून इकडे आला! पण सर भाजीवरून सगळं काढतात. कोणी केली, कोण शेवटी जेवलं, कोण ताट सरकवून उठलं. एक यंत्रमाग कारागीर नुसतं "टेंशन है साहब" म्हणत होता. सरांनी विचारलं, "सब्जी किसने बनायी?" तो म्हणाला, "कौन बनायेगा? खुद." आणि रडायलाच लागला.

वरच्या ऑफिसातून छापील फॉर्म येतो. तुमचं दुःख दहापैकी किती? त्याच कारागिरानं नीट विचार करून सांगितलं, "दिन की शिफ्ट में चार, रात की शिफ्ट में आठ." सर असले खूश! पट्टीनं रेघ मारून फॉर्मचे दोन रकाने केले. तिथल्या साहेबांचा फोन आला तर उलट त्यांनाच सुनावलं, "फॉर्म बनवणाऱ्यानं कधी रातपाळी केलेली दिसत नाही."

पेशंटला एकटं भेटा, असं पुस्तकात असतं म्हणे. आमच्याकडे एकटं येतं कोण? सुनेबरोबर सासू, दीर, नणंद, सगळी वरात. सर सासूला हाकलत नाहीत. "मावशी, या सुजाताच्या भरवशावर चपला राहत नाहीत. तुम्ही जरा दारात बसा ना." सासूबाई ऐटीत पहारा देतात, सून आत मोकळी होते आणि फुकटची बदनाम होते मी.

जवळच्या वडपे गावच्या हौसाबाईंपुढे मात्र सरांची भाजी शिजेना. त्यांचं शेत गोडाऊनसाठी विकलं गेलं आणि बाईंनी अन्नच टाकलं. दिवसाला कपभर चहा. हाडांचा सापळा झाला होता. मोठ्या डॉक्टरला "बरी हाय" म्हणून उठून आल्या होत्या. आमच्याकडेही दोनदा गप्प बसून गेल्या. तिसऱ्यांदा मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, आई जाईल हो माझी."

सरांनी पुन्हा तेच विचारलं. बाई एकदम उसळल्या.

"सारखा मला इचारतोस! तू काय खाल्लंस रं?"

समुपदेशकानं स्वतःचं काही सांगायचं नाही, हा सरांचा कडक नियम. दोन वर्षांत मला त्यांच्या घरचं एक अक्षरही कळलं नव्हतं. सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"बिस्किटं," ते म्हणाले.

"घरी कोन न्हाय?"

"बायको होती. तीन वर्षं झाली जाऊन."

बाई उठून चालू लागल्या. मी कपाळावर हात मारला.

पुढच्या मंगळवारी हौसाबाई रिक्षातून स्वतः उतरल्या, मुलगा मागून. फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि डब्यात वालाची भाजी. फॉर्मचा गठ्ठा त्यांनी बाजूला सारला आणि म्हणाल्या, "आदी खा."

सर शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून खायला लागले. दुसरी भाकरी देताना बाईंचा हात थांबला.

"माज्या शेतातला न्हाय ह्यो वाल. इकतचा हाय." शेताचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं आणि मग अशा रडल्या, की बाहेरचे सगळे उठून उभे राहिले.

सरांनी रडू दिलं. मग म्हणाले, "मावशी, मला एकट्याला नाही हो जेवण जात."

हौसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. मग दुसरा.

दाराशी उभा त्यांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून हमसत होता. मी त्याला पाणी द्यायला उठले, पण मलाच काही दिसेना.