डॉक्टर राउतिओंचा दवाखाना विकणे आहे

"मी या पेशात अतिशय समाधानी आहे," डॉक्टर ताइस्तो राउतिओ आरशात बघून म्हणाले.

"जरा हसून म्हणा, डॉक्टर," मदतनीस इर्मेली मागून म्हणाली. "असं म्हणालात तर ती बाई तुमचं सांत्वन करून परत जाईल."

ती बाई म्हणजे पिहला, दवाखाना विकत घ्यायला टाम्पेरे शहरातून येणारी तरुण दंतवैद्य. तिनं घेतला, तर डॉक्टर तळ्याकाठच्या लाकडी घरात जाऊन उरलेलं आयुष्य मासे पकडणार होते. माशांनाही दात असतात, पण ते दाखवायला येत नाहीत. नाही घेतला, तर पुन्हा तोच नोव्हेंबरचा काळोख, तोच खुर्चीवरचा दिवा आणि गावकऱ्यांची तीच तोंडं. याआधी आलेलं गिऱ्हाईक दात दाखवायला म्हणून डॉक्टरांच्या खुर्चीत तासभर बसलं आणि दंतवैद्यकी कायमची सोडून बेकरीत नोकरीला लागलं.

डॉक्टरांची एक खोड होती. घरी, दुकानात, सौनाच्या वाफेत अंग शेकताना त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. त्याबद्दल गावात कोणाची तक्रार नव्हती, कारण तिथे सगळ्यांचंच तसं होतं. पण समोरच्यानं आ केला, तोंडात रबराचा पडदा आणि लाळ ओढणारी नळी बसली, आता हा काही उत्तर देत नाही अशी खात्री पटली, की डॉक्टर पोटातलं सगळं ओठावर आणत.

म्हणून इर्मेलीनं सगळ्या पेशंटांना फोन करून उद्या यायला सांगितलं होतं. केर्टू आजी तेवढ्या हलल्या नाहीत. विणकाम घेऊन त्या बाहेरच्या बाकावर ठाण मांडून होत्या. "बसते की गं. घरी तरी कोण वाट बघतंय?"

पिहला आली. डॉक्टरांनी पाठ केलेलं वाक्य बऱ्यापैकी हसून म्हटलं. सगळं सुरळीत चाललं होतं. पण पाहुणीवर छाप पडावी म्हणून इर्मेलीनं वेलदोड्याच्या गोड पावात या खेपेला अख्खे बदाम घातले होते. पिहलानं घास घेतला आणि कडकन आवाज झाला.

"दाढ गेली माझी," ती गाल धरून म्हणाली.

"मी यांना टाम्पेरेला सोडून येते," इर्मेली घाईघाईनं म्हणाली. "तिकडे चांगले डॉक्टर आहेत."

"आणि मी कोण, न्हावी?" डॉक्टर दुखावले.

बघता बघता पिहला खुर्चीत आडवी झाली, भूल चढली, पडदा बसला, दिवा खाली आला. त्याबरोबर डॉक्टरांच्या लेखी पिहला संपली. उरली ती एक फुटलेली दाढ. माणसं त्यांच्या लक्षात राहत नसत. दाढा राहत, आणि ही नवीन होती.

"तुम्हाला म्हणून सांगतो," डॉक्टर दाढेला म्हणाले, "या खुर्चीत आजवर एक माणूस आनंदानं बसलेला नाही. लोकांची सेवा करायची म्हणून आलो होतो हो या पेशात! लोकांना माझी पाठ बघायची घाई. काम चांगलं केलं तर कोणाला दिसत नाही, बिघडलं तर गावभर दिसतं."

"डॉक्टर!" इर्मेली खोकली. मग तिनं हातातला ट्रे पाडला. मग नळीचा आवाज मोठा केला. डॉक्टरांनीही आवाज चढवला.

"आज टाम्पेरेची एक पोरगी यायची आहे. तिच्या गळ्यात हे लोढणं बांधायचं. समाधानी आहे म्हणून सांगायचं, हसून! बिचारी. चांगल्या घरची असणार. पण मी तरी काय करू? आणखी एक हिवाळा काढला तर मीच माझे दात काढून बसेन."

काम संपलं. पडदा निघाला, दिवा वर गेला आणि डॉक्टरांना दाढेभोवतीचा चेहरा दिसला.

तळं, होडी, मासे सगळं डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत बुडालं. पिहला जीभ फिरवून दुरुस्त झालेली दाढ चाचपत होती.

तेवढ्यात केर्टू आजी दार ढकलून आत आल्या. "आज छान रंगलं, डॉक्टर. ते लोढण्याचं नवीन होतं ना?"

"आजी," पिहला बधिर ओठानं कशीबशी म्हणाली, "दातांना काय झालंय तुमच्या?"

"काही नाही गं पोरी. पण इथून बाहेर पडलं ना, की वाटतं, आपलं त्या मानानं बरं चाललंय. आमचे हे गेले तेव्हा मी दर आठवड्याला यायची. पलीकडच्या गावात हसरा डॉक्टर आहे. त्याच्याकडे जातं कोण?"

पिहलानं थोडा विचार केला. "दवाखाना मी घेते," ती म्हणाली.

डॉक्टरांचा विश्वास बसेना. ते चक्क हसले.

"पण एका अटीवर. तुम्ही इथंच काम करायचं. मला हे असं बोलता येत नाही, आणि लोक येतात ते त्यासाठीच. तुमच्याशिवाय हा दवाखाना म्हणजे नुसती खुर्ची."

"कधीपर्यंत?" डॉक्टरांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"गावाला दात आहेत तोपर्यंत," पिहला म्हणाली.

केर्टू आजी एव्हाना खुर्चीत आडव्या होऊन आ करून होत्या. डॉक्टरांनी जड हातानं दिवा खाली ओढला, पडदा बसवला आणि स्टूल नेहमीपेक्षा जरा जवळ घेतलं. आज सांगायला ताजं होतं.