साळूच्या आठवणी आणि पट्ट्यावरचा पाला

एका जंगलात, बाळांनो, साळू नावाची साळिंदरीण राहत असे. साळिंदराच्या पाठीवर लांब लांब काटे असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. साळूच्या अर्ध्या पाठीवर मात्र एकही काटा नव्हता. तेवढे महावणव्यात जळून गेले होते.

महावणवा म्हणजे काय, हे त्या जंगलात कुणाला सांगावं लागत नसे. दर वर्षी त्या दिवशी सगळे प्राणी माना खाली घालून उभे राहत. मग जेवायला बसत.

एकदा साळूने उरलेल्यांतला एक काटा उपटला आणि झाडांच्या सालींवर आपल्या आठवणी लिहून काढल्या.

आपल्या जंगलात एक जुनी रीत होती, असं तिने लिहिलं. माघ सरता सरता सगळ्यांनी मिळून जंगलाच्या मधोमध एक रुंद पट्टा झाडून लख्ख करायचा. पाला नसला की आग पट्ट्यापलीकडे जात नाही. पण त्या वर्षी सिंहमहाराजांकडे शेजारच्या जंगलातून पाहुणे यायचे होते. त्यांच्या पंजांना खडे टोचू नयेत म्हणून प्रधान हत्तीने पाला तसाच राहू दिला. आग पट्टा ओलांडून आली. साळूच्या बिळात धूर शिरला. तिची दोन पिल्लं गेली, एक उरलं.

शेवटी तिने एवढंच लिहिलं होतं : 'तेव्हापासून पट्टा कुणी झाडलेला नाही. यंदा तरी झाडा.'

पुस्तक फार गाजलं.

सांबरीण दोन पानं वाचून इतकी रडली, की तिला तिसरं वाचवेना. "किती सोसलंय हो बाईने!" असं ती दिसेल त्याला सांगत सुटली.

रानडुक्कर भडकलं. "शेजारच्या जंगलात काय म्हणतील? घरातलं असं चव्हाट्यावर आणायचं?" त्याने पुस्तक वाचलं नव्हतं. पण भडकायला वाचावं थोडंच लागतं?

हत्ती म्हणाला, "मी पाला ठेवला, हे साफ खोटं आहे. मी तो उचलला नाही, एवढंच."

कोल्हा समीक्षक होता. तो म्हणाला, "भाषा जरा खडबडीत आहे. पण हा पाला म्हणजे आपल्या मनावर साचलेली उदासीनता आहे, हे फार सुंदर!"

"नाही हो भाऊ," साळू म्हणाली. "पाला म्हणजे पाला. सागाचा. चला, दाखवते."

"लिहिणाऱ्याला स्वतःचं लेखन कधी कळत नसतं," असं म्हणून कोल्हा व्याख्यानाला निघून गेला.

सिंहमहाराज मात्र दिलदार. ते म्हणाले, "साळूबाईंचा सत्कार करा!"

सगळे मावतील अशी जागा जंगलात एकच होती. तीच, पट्ट्याची. बसणाऱ्यांना खडे टोचू नयेत म्हणून हत्तीने सोंडेने आणखी पाला आणून पसरला. महावणव्याची आठवण म्हणून ज्योत लावायचं ठरलं. माकडाने डोंगरापलीकडच्या धनगरांच्या शेकोटीतून एक पेटतं लाकूड पळवून आणलं.

ते पाहताच साळू महाराजांपुढे धावली. "महाराज, पाया पडते! आधी पाला काढा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अजून तोच दिवस डोळ्यांपुढे आहे बिचारीच्या," सांबरीण हुंदका देत म्हणाली.

"तेच तेच सांगते," कोल्ह्याने जांभई दिली.

साळूने शाल टाकली, नारळ टाकला, पिल्लाला पुढे घातलं आणि नदीकडे धूम ठोकली.

"अहो, मानपत्र तरी वाचू द्या!" हत्ती मागून ओरडला.

मग काय झालं, ते तुम्ही ओळखलंच असेल. तुम्ही लहान आहात, तुम्हाला कळतं.

साळू नदीच्या वाळूत पिल्लाला पोटाशी धरून बसली. बरेच जण पळत आले. काही आले नाहीत. सांबरीण आली नाही. तिच्या नावाने साळू एकटीच रडली.

सगळ्यांत शेवटी कोल्हा आला. शेपटी जळालेली, मिशा जळालेल्या. धापा टाकत तो साळूशेजारी बसला. आता तरी हा पाल्याचं काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं.

"साळूबाई," तो हळूच म्हणाला, "एखादा काटा देता का? मला आठवणी लिहायच्या आहेत."

तात्पर्य : जंगलाचं साहित्य समृद्ध व्हायला हवं असेल, तर पाला झाडू नये.