साडेतीन मीटरचं पाऊल

कुंभकोणमच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या हनुमंतरावांना डॉक्टरांनी बारा किलो वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा चेन्नईच्या लेकीने, सुष्मिताने, मनगटाला बांधायचा एक पट्टा पाठवला आणि त्यांच्या फोनवर एक ॲप घालून दिलं. खाल्लेलं आपण लिहायचं, चाललेलं पट्टा मोजणार, आणि आज अजून किती कॅलरी खाता येतील ते ॲप सांगणार.

पहिल्याच दिवशी हनुमंतरावांनी महामहम तळ्याभोवती फेऱ्या मारल्या आणि घरी येऊन ‘एक तास भरभर चालणे’ अशी नोंद हातानेही केली. फोनवर सुष्मिता हसली.

“अप्पा, पट्टा आपोआप पाठवतो सगळं. तुम्ही परत लिहिलं की तेच चालणं दोनदा मोजलं जातं.”

“असें होय?” हनुमंतराव घरच्या तंजावरी मराठीत गंभीरपणे म्हणाले. “बरें झालें सांगितलेंस.”

त्या दिवसापासून ते न चुकता दोनदा लिहू लागले.

“अहो, ही सहावी इडली,” मीनाक्षीबाई म्हणाल्या.

“मी कुठें मागतों? हें मागतें.” हनुमंतरावांनी फोन पुढे केला. “अजून सहाशें वीस उरल्यात. आजच्या उद्यां चालत नाहींत.”

मीनाक्षीबाईंनी फोनकडे पाहिलं, नवऱ्याच्या पोटाकडे पाहिलं, आणि इडलीवर मूग-बटाट्याचा वाफाळता कडप्पा ओतला.

खरी पंचाईत तिसऱ्या आठवड्यात झाली. तळ्याभोवती चालणाऱ्यांचं एक मंडळ होतं आणि कोण किती कॅलरी जाळतो याची यादी त्याच ॲपवर सगळ्यांना दिसायची. यादीत पहिला नंबर कायम कापडवाल्या जयकुमारचा, कारण तो मंडळाचा सेक्रेटरी होता. त्या आठवड्यात हनुमंतराव नऊशेंनी पुढे गेले. संध्याकाळी जयकुमार चार जणांना घेऊन दारात हजर.

“सार, रविवारी नाचियार्कोविलच्या देवळापर्यंत चालत जायचंय. दहा किलोमीटर,” तो तमिळमध्ये म्हणाला. “झेंडा घेऊन सर्वांत पुढे तुम्ही.”

“पण माझा गुडघा...”

“ऐकलंत? दिवसाला बाराशे जाळणाऱ्याचा गुडघा!”

पाचही जण इतके हसले की हनुमंतरावांनाही हसावं लागलं.

रविवारी पहाटे पहिला किलोमीटर त्यांनी झेंडा फडकवत काढला. दुसऱ्या किलोमीटरला गुडघा बोलू लागला. “मागच्यांना धीर देतो,” असं म्हणत त्यांनी झेंडा दुसऱ्याच्या हाती दिला आणि सगळे पुढे गेल्यावर रस्त्याकडेच्या दगडावर बसकण मारली. तेवढ्यात कुंभकोणमहून बस आली. त्यांचा हात आपोआप वर झाला.

बसमध्ये शेवटच्या बाकावर, डोक्यावर टॉवेल घेऊन, जयकुमार बसला होता.

एक स्टॉप जाईपर्यंत दोघंही खिडकीबाहेरची भातशेती पाहत राहिले.

“तपासणीला निघालोय,” जयकुमार अखेर म्हणाला. “मागे कोणी राहिलं का ते बघायला.”

“मीही तेच.”

“सार, खरं सांगा. तुम्हीही दोनदा लिहिता?”

“गणिताचा मास्तर आहे मी. बेरीज चुकलेली नाही, एवढंच सांगतो.”

पुढे मंडळाची माणसं रस्त्याने चालताना दिसली, तसे दोघंही एकदम सीटखाली वाकले. गाव येण्याआधीच ते उतरले. शेतातल्या पंपाखाली सदरे भिजवले, पंपाच्या खोलीमागे बसून राहिले, आणि मंडळी जवळ आल्यावर धापा टाकत त्यांच्यात मिसळले.

देवळासमोर टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाची आहारतज्ज्ञ वाणी सगळ्यांचे पट्टे तपासत होती. हनुमंतरावांचं मनगट हातात घेऊन ती थबकली.

“सार, दोन हजार आठशे सत्तावन्न पावलं? दहा किलोमीटरला?”

हनुमंतरावांनी मनातल्या मनात भागाकार केला. एक पाऊल साडेतीन मीटरचं.

“वामनावतार!” मागून कोणीतरी म्हणालं. जयकुमारने स्वतःचं मनगट हळूच खिशात घातलं.

“यांचा पट्टा कालपासून मध्येच बंद पडतोय,” एक ओळखीचा आवाज तमिळमध्ये म्हणाला.

गर्दीतून मीनाक्षीबाई पुढे आल्या, हातात भला मोठा डबा. नवऱ्याचं कौतुक पाहायला त्या न सांगता आल्या होत्या. सगळ्यांचं समाधान झालं, जयकुमारचं जरा जास्तच. डबा उघडला, चिंचेच्या भाताचा आणि वड्यांचा वास सुटला. हनुमंतरावांनी हात पुढे केला. डबा त्यांना वळसा घालून वाणीकडे गेला.

आणि तोंडावरचं हसू जराही न मोडता, तिथे दुसऱ्या कोणालाही न कळणाऱ्या मराठीत मीनाक्षीबाई म्हणाल्या, “मी त्याच बसमध्यें होतें. पुढें, बायकांच्या बाकावर. सीटखालीं वांकलेले दोघे अख्ख्या बसनें पाहिले. उद्यांपासून लिहिणें माझें, चालणें तुमचें. आणि घरीं जातांना बस नाहीं. चालत यायचें.”

“अम्मा काय म्हणाल्या?” वाणीने कौतुकाने विचारलं.

हनुमंतरावांनी ओला सदरा सारखा केला. एकवार वड्यांकडे पाहिलं, एकवार जयकुमारकडे.

“म्हणते, एवढ्याने यांचं काय होणार! परतीचे दहा किलोमीटरही चालतच या,” ते तमिळमध्ये खणखणीत आवाजात म्हणाले. “मी आणि सेक्रेटरी, दोघंही.”

टाळ्यांचा पुन्हा कडकडाट झाला. जयकुमारचे टाळीसाठी उचललेले हात मात्र तसेच हवेत राहिले.