नऊ सेकंदांचा घोळ

शनिवारच्या पहिल्याच लढतीतला चौथा राउंड नऊ सेकंद आधी संपला, ही गोष्ट सभागृहातल्या पाचशे माणसांपैकी फक्त घड्याळजींच्या लक्षात आली. ते ताडकन उठले, बटणाचं घड्याळ बांधलेलं मनगट वर धरलं आणि ओरडले, "तीन मिनिटांचा राउंड असतो! हा दोन मिनिटं एक्कावन्नचा झाला! कुणी बघणार आहे का?"

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "खाली बसा हो. तुमची पाठ बघायला नाही आलो आम्ही."

घड्याळजी बसले, पण त्यांचा संशय उभाच राहिला. तसा तो आयुष्यात कधी बसलेलाच नव्हता. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून त्यांची अशी नजर झाली होती, की एखादी वस्तू बिनतक्रार चालताना दिसली तरी तिच्या आत काय बिघडलं असेल हेच त्यांना आधी सुचायचं. बॉक्सिंगचं त्यांना शाळेपासून वेड, आणि वेड जेवढं तेवढाच अविश्वास. ते म्हणत, रिंगमध्ये पंच दोन असतात, एक तोंडावर बसतो आणि दुसरा आकडे मोजतो. त्यातल्या बसणाऱ्यावर विश्वास ठेवावा, मोजणाऱ्यावर कधीच नाही.

शेजारी त्यांचा मेहुणा बसला होता. हा एका प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासायचा आणि त्यामुळे स्वतःचं सहसा तापू देत नसे. मघाशी, नेमका चौथा राउंड सुरू होताना, त्याच्या हातून घड्याळजींच्या गुडघ्यावर चहा सांडला होता. तो अजून रुमालाने पुसत होता.

"भाऊजी, नऊ सेकंदांनी असं काय होतंय?"

"काय होतंय? अरे, माणूस आडवा पडला की दहापर्यंत मोजतात. नवव्याला घंटा झाली तर तो वाचतो! त्या निळ्या चड्डीवाल्याला कुणाला वाचवायचं होतं, ते शोध."

"निळ्या चड्डीवाला पडलाच नव्हता."

"पडणार होता!"

लढती संपल्यावर घड्याळजी थेट रिंगजवळच्या टेबलापाशी गेले. वेळ मोजायला तिथे एक बाई बसत. तीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि शाळेची घंटाही म्हणे त्यांच्या धाकाने वेळेवर वाजायची.

"बाई, तुमचं घड्याळ पुढे पळतंय."

"माझं घड्याळ तीस वर्षांत पळालेलं नाही. त्याच्यापुढे मुलं पळाली."

"मग तुमचा हात पळाला असेल."

बाईंनी चष्मा काढला. ते बघून आयोजक धावत आला. घड्याळजींना तो ओळखत होता. गेल्या वर्षी त्यांनी रिंगचे दोर सैल असल्याची तक्रार करून पाऊण तास लढत थांबवली होती. "अहो, तुम्ही घड्याळंच दुरुस्त करता ना? मग हे घेऊन जा, तपासा आणि उद्या आणून द्या. म्हणजे तुमचंही समाधान आणि आमचीही सुटका."

बाईंनी आपलं पोलादी घड्याळ हातातून सोडायच्या आधी सांगितलं, "पावती द्या."

घड्याळजींनी तिकिटाच्या मागे पावती लिहिली.

"घड्याळाच्या पाठीवरचा नंबर घाला. आणि सही वाचता येईल अशी करा. डॉक्टरांसारखी नको."

माणसावर इतका अविश्वास बरा नव्हे, असं घड्याळजींना फार वाटलं.

संध्याकाळी त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर पांढरं फडकं पसरलं आणि डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडलं. बायको पलीकडे मटार सोलत बसली होती. आत सगळं लख्ख होतं. चाकं जागच्या जागी, तेल बेताचं, धुळीचा कण नाही.

"काही दोष नाही," घड्याळजी काळजीने म्हणाले.

"मग बरंच झालं की."

"बरं कसलं? दोष सापडत नाही, म्हणजे तो लपवलाय."

त्यांनी घड्याळ शेवटच्या चाकापर्यंत सुटं केलं. प्रत्येक भाग उजेडात धरून बघितला, हुंगलासुद्धा. मग सगळं पुन्हा जोडलं, झाकण बसवलं, आणि भिंग काढून बघतात तो फडक्यावर मोहरीएवढा एक स्क्रू उरलेला!

"हा कुठला?"

"मला विचारताय? धंदा तुमचा."

"टेबलावर आधीपासून पडलेला असणार."

"किंवा कुणी मुद्दाम आणून टाकला असणार," बायको शेंगेवरची नजर न काढता म्हणाली.

घड्याळजींनी क्षणभर तोही विचार केला. दुपारी मेहुणा त्यांना न्यायला आला होता, तेव्हा या टेबलाला टेकूनच उभा होता. पण त्यांनी घड्याळ पुन्हा उघडलं नाही. आता उघडलं आणि दोन स्क्रू उरले तर? त्यांनी ते भिंतीवरच्या घड्याळाशी लावून तीनदा तपासलं. तिन्ही वेळा बरोब्बर तीन मिनिटं. चौथ्यांदा मात्र काटा दोनच्या पुढे जरा घुटमळल्यासारखा वाटला. काटा घुटमळला की आपली पापणी लवली, हे काही त्यांना ठरवता येईना.

"उद्या बाईंना खरं ते सांगून टाका," बायको म्हणाली.

"आणि तोंड कुठे लपवू? गावभर होईल, घड्याळजीने चांगलं घड्याळ बिघडवलं म्हणून."

रविवारी निघताना बायकोने दारातच त्यांच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं. "आज माणसांकडे बघा. हे घरी राहू दे."

बाईंनी परत मिळालेलं घड्याळ कानाला लावलं, पावतीचे चार तुकडे केले आणि विचारलं, "उघडलं होतंत?"

"थोडंसं."

"हं," बाई म्हणाल्या. तो एक 'हं' ऐकून घड्याळजींनी तडक आपली खुर्ची गाठली.

मुख्य लढत पोस्टमनची होती. हा खराखुरा पोस्टमन. सकाळी टपाल वाटायचा, संध्याकाळी सराव करायचा. गेली पाच वर्षं तो रोज घड्याळजींच्या दुकानाच्या दारात सायकल लावून "टपाल!" अशी हाक द्यायचा, आणि आतून घड्याळजी "थांब रे!" म्हणून ओरडायचे. पत्र देतानाही त्याचा डावा हात हनुवटीपाशी असायचा. साऱ्या जगात घड्याळजींचा ज्यांच्यावर विश्वास होता, अशा दोन माणसांत तो एक. दुसरं माणूस कोण, हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. समोर होता एक गवंडी. बांधा भिंतीसारखा, आणि बोलणंही भिंतीइतकंच.

पहिले दोन राउंड पोस्टमनने गवंड्याभोवती नाचून काढले. तिसऱ्यात नाच मंदावला. चौथ्यात गवंड्याने त्याला कोपऱ्यात गाठलं आणि विटेवर वीट रचावी तसे शांतपणे ठोसे रचायला सुरुवात केली.

घड्याळजींची नजर बाईंच्या हातातल्या पोलादी घड्याळावर खिळली होती. बाई घंटा का वाजवत नाहीत? तीन मिनिटं कधीच होऊन गेली असतील! हा तोच घुटमळणारा काटा, हा तोच मोहरीएवढा स्क्रू! मनगटाकडे बघावं तर मनगट मोकळं. म्हणून राउंड सुरू झाल्यापासूनच ते तिथल्या नाडीवर बोट ठेवून मोजत होते, एका ठोक्याला एक सेकंद धरून. मोजता मोजता आकडा दोनशेच्या वर गेला. म्हणजे साडेतीन मिनिटं! तिकडे पोस्टमनचे गुडघे लुळे पडत चाललेले.

"भाऊजी, बसा. असे पांढरे का पडलात?" मेहुण्याने विचारलं.

आता ओरडावं तर तीस वर्षांची अब्रू जाते, आणि गप्प बसावं तर पोस्टमन जातो. मोजणी दोनशे चाळीसवर गेली आणि घड्याळजींनी अब्रूवर पाणी सोडलं. ते खुर्चीवर चढले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "थांब! थांब रे! घड्याळ बिघडलंय! मी बिघडवलंय!"

घड्याळ राहिलं बाजूला. पोस्टमनला ऐकू आलं ते एवढंच, "थांब रे!" पाच वर्षांची सवय. त्याने मान वळवून आवाजाच्या दिशेने पाहिलं, आणि गवंड्याचा डावा हात त्या वळलेल्या हनुवटीवर येऊन बसला.

पंच दहापर्यंत मोजू लागला. तो फारच भराभर मोजतोय, असं घड्याळजींना वाटलं.

मग सभागृह उसळलं. "हा खुर्चीवरचा फितूर आहे! गवंड्याचा माणूस आहे!" शनिवारी ज्यांना घड्याळजींची पाठ बघायची नव्हती, त्या बाई आता म्हणत होत्या, "तोंड बघू द्या याचं नीट!" आयोजकाने घड्याळजींना दंडाला धरून टेबलापाशी नेलं.

"बाई, माझ्याकडे काल एक स्क्रू उरला," घड्याळजींनी कबुली दिली. "राउंड फार लांबला. चूक माझी आहे."

बाईंनी पिशवीत हात घालून एक पोलादी घड्याळ काढलं. शनिवारचं. "परक्या माणसाने उघडलेलं घड्याळ मी वापरेन होय? आज हे तसंच दुसरं आणलंय. तुम्ही ओरडलात तेव्हा राउंडला एक मिनिट पन्नास सेकंद झाले होते."

"शक्यच नाही! मी नाडीवर मोजलं!"

मेहुण्याने मुकाट्याने त्यांचं मनगट धरलं आणि थोडा वेळ बोट ठेवून म्हणाला, "भाऊजी, मिनिटाला एकशे तीस ठोके पडताहेत." मनगट सोडून तो पुढे म्हणाला, "आणि कालचं म्हणाल तर, चहा सांडला त्या गडबडीत तुम्ही बटण उशिरा दाबलंत. राउंड सुरू व्हायची घंटा आधीच होऊन गेली होती."

"मग कालच का नाही बोललास?"

"तुम्ही माझ्यावर संशय घेतला असता."

सोमवारी घड्याळजींनी दुकान उघडलं, पण कामात हात चालेना. अकराच्या सुमाराला दारात सायकल थांबली. आज हाक आली नाही. पोस्टमन गुपचूप आत आला. एक डोळा पार मिटलेला, ओठ सुजलेला. त्याने दोन लिफाफे काउंटरवर ठेवले.

घड्याळजी उठून उभे राहिले. "बाळा, काय तोंडाने माफी मागू..."

"काका, हळू बोला." पोस्टमनने वळून रस्त्याकडे नजर टाकली. "मी आभार मानायला आलोय. पहिल्या राउंडलाच कळलं होतं मला, की हा माणूस मला उभा बांधून काढणार. घरून सगळे बघायला आलेले, टपाल खातं सगळं हजर. पण आता काय झालंय माहितीये? जो तो म्हणतोय, जिंकत आलेला पोरगा त्या घड्याळजीमुळे हरला! आई तर सकाळपासून तुमच्या नावाने बोटं मोडतेय. मला मात्र दोनदा दूध दिलं."

पोस्टमन काउंटरवर वाकला.

"पुढच्या महिन्यात त्याच्याशीच परत लढत आहे. तुम्ही याल ना? फक्त एक करा. चौथ्यापर्यंत थांबू नका हो, फार लागतं. दुसऱ्यालाच ओरडा."

दुकानातली सगळी घड्याळं टिकटिकत होती. ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक लढत आधीच ठरवलेली असते म्हणून आरडाओरडा केला, त्याने उठून दार लोटलं, कडी लावली, आणि परत येऊन हलक्या आवाजात विचारलं,

"दुसऱ्याला... पण कितव्या सेकंदाला?"