स्वयंपाकघरातून गेलेलं बारसं

आमच्या घरी टीव्हीत दिसणारी माणसं आधी दिवाणखान्यातल्या राउटरमधून बाहेर पडतात, चालत झोपायच्या खोलीत येतात आणि मग टीव्हीत शिरतात. वायरलेस म्हटल्यावर चालणं आलंच. वाटेत स्वयंपाकघर लागतं, आणि तिथे माझी बायको हेमा असते.

हेमा कोणालाही कोरड्या तोंडाने पुढे जाऊ देत नाही. बातम्या सांगणारी मुलगी रोज आमच्याकडे चहा घेते, त्यामुळे संध्याकाळच्या बातम्या आम्हाला जेवणाच्या वेळी दिसतात. मागे एका क्रिकेटच्या सामन्यात दोन्ही संघ पंचांसकट थालीपिठाला बसले आणि मी इकडे नुसतं हिरवंगार मैदान बघत राहिलो. मैदान वेळेवर येतं. निर्जीव वस्तूंना भूक नसते.

शेवटी वैतागून मी तक्रार केली. इम्तियाज बागवान नावाचा माणूस आला, राउटर तपासला आणि पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाला, "काका, लाईन एक नंबर हाय. पण तुम्ही एचडी घेतलंय. एचडीत माणूस अख्खा येतो, पोटासकट. क्वालिटी खाली करा. माणसं पातळ येतील, मग कुठं थांबायची न्हाईत."

"आणि अशीच थांबत राहिली तर?"

"फार वेळ थांबली तर लाल दिवा लागंल. दिवा लागला की आल्या वाटेनं परत जातात. मग कनेक्शन गेलंच म्हणायचं."

मी लगेच रिमोट उचलला. हेमाने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"रविवारी बारसं आहे," ती म्हणाली. "माझी नात मला पातळ बघायची नाही."

आमच्या मुग्धाला जर्मनीत, लाइपझिगला मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून हेमाने डिंकाच्या लाडवांपासून बाळाच्या अंगड्या-टोपड्यापर्यंत सगळी तयारी केली होती. पण आमचा व्हिसा वेळेत झाला नाही. विहीणबाईंचा झाला. त्या दिवसापासून हेमा हसून बोलायची, पण भांडी जरा जोरात ठेवायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

रविवारी दुपारी मी बारसं बघायला टीव्हीसमोर बसलो. लाइपझिगची खोली वेळेवर आली. झेंडूच्या माळा लावलेला पाळणा आला. माणूस मात्र एकही नव्हतं. स्वयंपाकघरातून ताटल्यांचा आवाज येत होता, म्हणून मी जाऊन पाहिलं.

जावई ओट्याला टेकून शिरा खात होते. त्यांची बहीण, म्हणजे बाळाची आत्या, घड्याळाकडे बघत होती. मुग्धा फरशीवर मांडी घालून लाडू खात होती आणि "आई, अजून एक," म्हणत होती. विहीणबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. बाळ हेमाच्या मांडीवर होतं, अगदी स्पष्ट. पापण्यांचे केस मोजता आले असते.

"पाळणा तिकडे आणि बाळ इकडे," आत्या म्हणाली. "मुहूर्त टळेल."

"थेट प्रक्षेपण आहे," मी सांगितलं. "तुम्ही इथे थांबलात म्हणजे तिकडेही सगळं थांबलेलं असणार. मुहूर्त कुठे जात नाही."

इतक्यात राउटरचा दिवा लाल झाला. जावयांचा एक पाय आपोआप दिवाणखान्याकडे वळला. त्यांनी तो हाताने धरून जागेवर आणला.

मी हेमाला इम्तियाजच्या म्हणण्याची आठवण करून दिली. आता सोडलं नाही तर सगळे परत जातील आणि बारसं दिसायचंही नाही.

"सोडलं तर ती काचेच्या पलीकडे जाईल," हेमा म्हणाली. "मग मी नुसती बघत बसू का?"

मुग्धाचा घास हातातच राहिला. मग विहीणबाई उठल्या, शिऱ्याची बशी त्यांनी नीट ओट्यावर ठेवली आणि पदर सारखा केला.

"विहीणबाई, बाळ तुमच्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "मग तुम्हीच चला ना घेऊन. पाळण्यात घालायचा मान आईच्या आईचा. मी काय तिथे तुमचा मान घ्यायला गेले?"

हेमाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जा."

सगळे ओळीने माझ्यासमोरून झोपायच्या खोलीत गेले. आधी आत्या, मग जावई, मुग्धा, विहीणबाई आणि शेवटी बाळाला छातीशी धरून हेमा. टीव्हीच्या कडेशी ती क्षणभर थांबली, चपला बाहेर काढल्या आणि आत शिरली. ती मूळचीच अख्खी असल्यामुळे काही अडचण आली नाही. राउटरचा दिवा हिरवा झाला.

मी खुर्चीवर बसून बारसं पाहिलं. एकदाही अडकलं नाही. हेमाने बाळाला पाळण्यात घातलं आणि विहीणबाईंनी तिला शेजारी जागा करून दिली. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं. सगळे हसले. हेमा रडत होती, आणि इतक्या स्पष्टपणे रडत होती की मलाही आवरेना.

मग ती वळली आणि थेट माझ्याकडे बघू लागली.

"अहो, ऐकलंत का? रेवती ठेवलं," ती म्हणाली. "आणि जरा पुढे सरका. इथून तुम्ही फार पुसट दिसताय."

मी खुर्ची पुढे ओढली.

"आणि तो बनियन बदला. सगळे बघतायत."

मी उठलो आणि कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला.