उचकीवर नाव

बाळाच्या बाबतीत माझ्याकडून चूक होणं शक्यच नव्हतं! बी.एस्सी. झालेय मी. बाळ किती वाजता दूध प्यालं, किती वाजता शिंकलं, सगळं वहीत लिहिलेलं. त्या वहीच्या शेवटच्या पानावर एक नावही होतं, पण ते गुपचूप. कारण नाव ठेवायचा मान आत्याचा. राखीताई, म्हणजे माझी नणंद, बारशासाठी देऊळगाव राजाहून येणार होती आणि बारसं होतं रविवारी. तोवर आमचं दीड महिन्याचं बाळ नुसतंच 'छोटू'.

गुरुवारी छोटूला उचकी लागली. अकरा मिनिटं!

"काही नाही वो," सासूबाई म्हणाल्या. "त्याची आत्या त्याले आठवून राह्यली."

मी कसली ऐकते! माझ्या फोनला आमच्या वरवट बकाल गावात रेंज नाही, म्हणून सासूबाईंचा उचलला आणि बाळांच्या हेल्पलाईनला लावला.

"बाळाचं नाव?" तिकडच्या मॅडमनी विचारलं.

"अजून ठेवलं नाही हो. उचकी..."

"नावाशिवाय फॉर्म पुढे जात नाही, मॅडम."

"छोटू लिहा."

"खरं नाव लागेल."

उचकी नंबर एकशेचार! वहीतलं नाव माझ्या तोंडून निघून गेलं, "हर्षल."

मग सल्ला मिळाला: बाळाला उभं धरा. धरलं. उचकी थांबली. विषय संपला, असं मला वाटलं.

शुक्रवारी राखीताई आली. चहाचा पहिला घोट घेतेय तोच सासूबाईंचा फोन वाजला. तिनेच उचलला. त्या फोनचा स्पीकर कायमचा चालू. तो बंद कसा करायचा हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.

"नमस्कार! हर्षलची उचकी थांबली का?"

"कोन हर्षल?"

"तुमचं बाळ, मॅडम. दीड महिन्याचं."

"मले पोरगं कवा झालं वो?" म्हणत ताईने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. कप खाली ठेवला तो असा, की चहा घाबरून बशीत उतरला!

"नाव ठेवून झालंच हाय, त मी काय रविवारी नुसत्या घुगऱ्या खायले आली? आई, माही पिशवी दे. साडेबाराची एस्टी हाय!"

"दीपक, अरे बोल न बहिनीसंग!" सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मी वावरात जाऊन राह्यलो," असं म्हणेपर्यंत दीपक फाटकाबाहेर होता.

"ताई, थांबा! नाव आत्ता बदलते," म्हणत मी पुन्हा हेल्पलाईन लावली.

"नोंदलेलं नाव आम्हाला खोडता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "नवीन टाकता येईल. सांगा."

"ते अजून आम्हाला माहीत नाही. रविवारी पाळण्यात कळेल."

"मग मी काय लिहू, मॅडम?"

"आन इकडे तो फोन!" राखीताईने हिसकावलाच. "लिहा बाई! आत्या सांगून राह्यली! शिवम!"

"शिवम," स्पीकर म्हणाला.

"शिवम!" भिंतीपलीकडून शेजारच्या झुंबरबाईंनी दाद दिली. "चांगलं हाय वो नाव!"

दीड महिना स्वतःच्या नवऱ्यालाही न सांगितलेलं नाव ताईने स्वतःच गल्लीला सांगितलं होतं! ती मटकन ओट्यावर बसली. सासूबाईंनी तेवढ्यात पिशवी आत नेऊन ठेवली.

रविवारी ताईने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, मग नाव सांगितलं. सगळ्या बायांनी "अगोबाई, शिवम!" म्हणून चकित व्हायचं काम चोख केलं. आत्याच्या पाठीत धपाटेही रीतीप्रमाणे पडले. झुंबरबाईंचे जरा जोरात.

सोमवारी मेसेज आला: 'आपल्या जुळ्या बाळांना, हर्षल व शिवम यांना, शुभेच्छा. दोघांनाही वेळेवर लस द्या.'

दुरुस्तीसाठी फोन करायला हवा, कळतं मला. पण नाही केला. राहू दे की तेवढा एक हर्षल. कुणाला दूध मागतोय तो?