गिअरबॉक्सचा गारवा

माणसाने गाडीला तापमान दाखवणारं यंत्र बसवू नये. बसवलंच तर त्याच्याकडे बघू नये. मी दोन्ही केलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

मी एका कचेरीत आवक-जावक विभागात कारकून आहे. आलेलं पत्र कुठल्या वहीत आणि गेलेलं कुठल्या, यापलीकडे माझ्या नोकरीत थरार नाही. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर एक जुनी गाडी घेतली आणि तिचं इंजिन ट्यून करून घेतलं, म्हणजे होती त्याच्या दीडपट ताकदीचं करून घेतलं. एवढी ताकद घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न बायकोने पहिल्याच दिवशी विचारला होता. (उत्तर अजून विचाराधीन आहे.) ताकद वाढली तसा गिअरबॉक्सवरचा ताण वाढला, आणि मी हौसेने बसवलेलं ते यंत्र सांगायला लागलं की चढावर गिअरबॉक्समधलं तेल एकशे तीस डिग्रीवर जातंय.

त्या आकड्याने माझ्या तोंडची चव गेली. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली की गेल्या महिन्यात ती तापाने फणफणली होती तेव्हा मी थर्मामीटर शोधायलासुद्धा उठलो नव्हतो. हे खरं असल्यामुळे मी विषय बदलला.

तर ठरलं असं की गिअरबॉक्सला ऑइल कूलर बसवायचा. कल्पना साधी आहे. छोट्या पंपाने गिअरबॉक्समधलं गरम तेल ओढायचं, पाइपातून पुढे बंपरमागच्या जाळीत न्यायचं, तिथे वाऱ्यावर गार करायचं आणि दुसऱ्या पाइपातून परत गिअरबॉक्समध्ये सोडायचं. जावक आणि आवक. अठरा वर्षं मी दुसरं केलंय काय?

आमचा नेहमीचा गॅरेजवाला मिस्त्री म्हणाला, चार दिवस गाडी सोडा, तळहाताएवढा कूलर पुरेल. पण मी भंगारबाजारातून एका ट्रकचा कूलर आधीच उचलून आणला होता. चांगला पाटाएवढा होता. मिस्त्रीने तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, "साहेब, नाकापेक्षा मोती जड झाला." मी त्याला समजावलं की जितका मोठा तितका गार. त्याने कूलर परत दिला आणि हात पुसले.

आता यात एक अडचण होती. सोमवारी अकरा वाजता बायकोची मुलाखत होती. डोंगरावरच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली होती. चौदा वर्षं ती शिकवतेय, दोनदा तिचं नाव वर जाऊन खाली आलं होतं, आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच संधी. वर जायला सकाळी एकच बस, साडेसहाची. तिने त्या बसचं ठरवलंही होतं. मी म्हटलं, घरात एवढी गाडी असताना बायको बसने जाते, लोक काय म्हणतील? ती लगेच बरं म्हणाली. इतक्या चटकन ती कधीच बरं म्हणत नाही, पण माझ्या ते लक्षात आलं नाही.

शनिवार-रविवार मी गाडीखाली होतो. कूलर बसला, पंप बसला, पाइप बसले, डॅशबोर्डवर पंपाचं लाल बटणही बसलं. राहिलं फक्त तेल. गाडीच्या पुस्तकात स्पष्ट छापलं होतं, गिअरबॉक्समध्ये तेल दोन लिटर. मी स्वयंपाकघरातून केकचं मापाचं भांडं आणलं (ते नंतर केकच्या कामाचं राहिलं नाही) आणि रेघेला डोळा लावून बरोबर दोन लिटर ओतलं. बायको चहा घेऊन आली होती, ती बघत उभी राहिली.

"हे आधी किती मावत होतं?" तिने विचारलं.

"दोन लिटर."

"आणि आता ते एवढे लांब पाइप आणि ती पाटाएवढी जाळी, त्यातही तेल जाणार ना?"

"जाणार म्हणजे? त्यासाठीच तर बसवलंय."

"मग ते कुठून येणार? घरात चार माणसं जास्तीची जेवायला आली तर आपण स्वयंपाक तेवढाच ठेवतो का?"

मी तिला पुस्तकातलं पान दाखवलं. छापील आकड्यापुढे मी जात नाही, माझ्या नोकरीत ते शिकवलेलंच नाही. ती चहाचा कप गाडीच्या टपावर ठेवून आत गेली आणि कुणाला तरी फोन करत बसली.

संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. गाडी लोण्यासारखी चालली. लाल बटण मात्र दाबलं नाही, कारण तेल शंभर डिग्रीच्या वर गेल्याशिवाय दाबायचं नाही असा नियम मीच केला होता आणि स्वतःचा नियम पहिल्याच दिवशी कोण मोडतो.

सोमवारी साडेनऊला निघालो. बायको इस्त्रीच्या साडीत, मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल. डोंगराच्या पायथ्यापर्यंत सगळं छान होतं. चढ लागला आणि आकडा वर सरकायला लागला. नव्वद, पंचाण्णव, शंभर. मी तिला म्हटलं, आता बघ, आणि बटण दाबलं.

पंप घुर्र करून सुरू झाला. अर्ध्या मिनिटात आकडा उतरायला लागला. नव्वद, सत्तर, पन्नास. मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी केलेली एखादी गोष्ट मी म्हटलं तशी होत होती. आणखी दोन वळणांवर आकडा चाळिसावर आला, आणि त्याच सुमाराला गिअरबॉक्समधून कुणीतरी खुर्ची फरशीवरून ओढत असल्यासारखा आवाज यायला लागला.

"हा आवाज कसला?" बायको म्हणाली.

मी सांगितलं की शर्यतीच्या गाड्यांचा असाच येतो. गार गिअरबॉक्स मोकळेपणाने फिरतो. शर्यतीची गाडी मी जवळून कधी पाहिलेली नाही, पण तोवर हात दाखवून अवलक्षण झालंच होतं, मग मागे कशाला हटा. पुढच्या वळणावर मी गिअर बदलायला गेलो तर दांडा हलेना. मग आतून कडाड आवाज झाला आणि गाडी उभी राहिली. आकडा अडतीस होता. गिअरबॉक्स मेला तो अगदी थंडगार मेला.

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. शाळा अजून आठ किलोमीटर वर. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला खरोखर रडू येईलसं वाटलं, गाडीसाठी नव्हे. चौदा वर्षं तिने वाट पाहिली आणि मी तिला लाल बटण दाखवत बसलो होतो. मी म्हटलं, मी चालत जाऊन कुणाला तरी घेऊन येतो. तिने फाइल नीट केली, फोन लावला आणि म्हणाली, "या वर."

दहा मिनिटांत मिस्त्रीची गाडी ओढायची क्रेन आली. आदल्या दिवशीच तिने त्याला पायथ्याशी येऊन थांबायला सांगितलं होतं. मी विचारलं, मग एवढं माहीत होतं तर बसने का नाही गेलीस? ती म्हणाली, "दोन दिवस तुम्ही गाडीखाली गाणी म्हणत होतात. कशाला मोडता घालायचा."

मिस्त्री गाडीखाली गेला, गिअरबॉक्सच्या बाजूचं बूच काढलं, आत बोट घातलं आणि कोरडं बोट मला दाखवलं. निम्म्याहून जास्त तेल कूलर आणि पाइपांत जाऊन बसलं होतं. तापमानाचा सेन्सर मी त्याच बुचात बसवला होता, त्यामुळे पातळी उतरल्यावर तो तेलाचं नाही, नुसत्या हवेचं तापमान सांगत होता. मिस्त्री म्हणाला, तेल गार झालंय यात वाद नाही, फक्त त्याची आणि गिअरची भेट होत नाहीये.

क्रेनच्या केबिनमध्ये दोनच सीट. एकीवर मिस्त्री, दुसरीवर बायको. मी माझ्याच गाडीत बसलो, आणि गाडी मागून उचललेली असल्यामुळे तोंड खाली करून, दरीकडे बघत, उलटा डोंगर चढलो. असे आम्ही अकराला चार कमी असताना शाळेच्या पटांगणात पोचलो. मुलं खिडक्यांना लटकली होती. बायको केबिनमधून उतरली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि मागे न बघता जिना चढून गेली.

तासाभराने ती परत आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता. तिथल्या तिथे निवड झाली होती. मी तिचे दोन्ही हात धरले. प्रश्न काय काय विचारले, ते सगळं मला क्रमाने हवं होतं. तिने सांगितलं. वेळापत्रक, निकाल, पालकांच्या तक्रारी. शेवटचा प्रश्न छापील होता, आपलंच खरं करणाऱ्या हेकट माणसाला संयमाने सांभाळण्याचा काही अनुभव आहे का?

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काही नाही. निवड समितीच्या अध्यक्षबाईंनी प्रश्न वाचला, खिडकीतून खाली पटांगणात बघितलं आणि त्याचे पूर्ण गुण देऊन टाकले."

"पण मी काय करत होतो तेव्हा?"

"तुम्ही गाडीतूनच डोकं बाहेर काढून मिस्त्रीला पुस्तकातलं पान दाखवत होतात."